बिनतुपाचं विमान

गाझियाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो त्या दिवशी माझी भांडीकुंडी अजून ट्रकमध्येच होती आणि आमच्या ह्यांना भूक लागली होती. पोहे परतायला कालथा हवा म्हणून मी शेजारचं दार वाजवलं. पाटीवर 'साळुंखे' वाचलं तेव्हाच माझी निम्मी काळजी मिटली. दिल्लीत इतकी वर्षं काढल्यावर मराठी पाटी दिसली की माहेरचं कुणी भेटल्यासारखं होतं. दार उघडलं ते एका बारीक, काटक बाईंनी. कालथा मागितला तर त्या आत गेल्या, घेऊन आल्या, आणि हातात द्यायच्या आधी म्हणाल्या, "देते, पण हसायचं नाही."

कालथ्याच्या दांड्याला वरपासून खालपर्यंत एका ओळीत गोल भोकं पाडलेली होती. बासरीला असतात तशी.

"ह्यांनी पाडलीत," त्या म्हणाल्या. "वजन कमी होतं म्हणे."

"कालथ्याचं?"

"सगळ्याचंच. सांडशी, पक्कड, सायकलचं पॅडल. देवघरातली घंटा नेत होते, तेव्हा मात्र मी हात धरला. घरात झारा तेवढा त्यांच्या मनासारखा आहे. त्याला जन्मतःच भोकं."

अशी माझी साळुंखे भाऊजींशी पहिली ओळख झाली, ते घरात नसताना, त्यांच्या कालथ्यावरून. संध्याकाळी प्रत्यक्ष आले. माझ्या डोळ्यांसमोर कुणी किडकिडीत, चष्मेवाला माणूस होता. आले ते चांगले भरदार, गोल चेहऱ्याचे, झुपकेदार मिशांचे, चालताना अजून परेडवर असल्यासारखे. नमस्कार केला आणि आमच्या ह्यांच्या हातातली छत्री मागून घेतली. तळहातावर आडवी धरून जरा वर-खाली केली. "चारशे ग्रॅम. दांडा बदला, शंभर ग्रॅम वाचतील." एवढं बोलून छत्री परत.

हा त्यांचा कायमचा प्रकार. लग्नपत्रिका आली की वाचायच्या आधी तोलायची. "साठ ग्रॅम. मुलीचा बाप हौशी आहे." कुणाकडे बाळ झालं की मुलगा का मुलगी हे नाही विचारायचे, आधी "किती ग्रॅम?" माझ्या बहिणीला नातू झाल्याचा फोन आला तेव्हा मी आनंदानं सांगायला गेले, तर म्हणाले, "अडीच किलो? उत्तम. इंजिनाला त्रास नाही."

आता इंजिन कुठलं, तर तेच सांगते.

भाऊजी हवाई दलात इंजिन फिटर होते. साताऱ्याकडच्या एका खेड्यातून पोरसवदा वयात भरती झाले ते थेट पेन्शन घेऊनच बाहेर पडले. निवृत्त झाल्यावर गावी न जाता इथे सोसायटीच्या सोडतीत फ्लॅट लागला म्हणून राहिले. आणि खाली, जिथे गाड्या ठेवायची जागा असते ना, इमारतीच्या खांबांमधली, तिथे त्यांनी विमान बांधायला घेतलं होतं. एका माणसाचं. लाकडाच्या फासळ्या, ॲल्युमिनियमच्या नळ्या, स्कूटरची चाकं. आणि इंजिन होतं जनरेटरचं.

हसू नका. ते दिवस आठवा. देशात नवीन वारं आलं होतं. टीव्हीवर दोनाची वीस चॅनेलं झाली, बाजारात परदेशी चॉकलेटं आली, नव्या कंपन्या, नव्या गाड्या. आमच्या वसाहतीत दोन ट्रक शेजारीशेजारी जातील एवढे रुंद सरळ रस्ते आखून ठेवले होते आणि कडेला घरंच नव्हती, नुसती मोहरीची शेतं. सगळं आलं, वीज काही आली नाही. दुपारी गेली की रात्री जेवणाला. म्हणून दुकानांत, कारखान्यांत सगळीकडे जनरेटर. भाऊजींना एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारात दोन सिलिंडरचं जनरेटरचं इंजिन मिळालं. वीस घोड्यांचं. खऱ्या विमानाला शे-दीडशे लागतात म्हणे, पण भाऊजी म्हणायचे, "वहिनी, घोडे कमी असले तर गाडी हलकी करायची. घोड्यांना शिव्या द्यायच्या नाहीत."

एकदा ऐन क्रिकेटच्या सामन्यात वीज गेली. अख्खी बिल्डिंग खाली उतरून भाऊजींच्या हातापाया पडायला लागली. ते इंजिन लावा, एक टीव्ही तरी चालवू द्या. सोसायटीचे सेक्रेटरी खन्नासाहेब सगळ्यांत पुढे. "सालुंके जी, आख़िरी ओवर है, इंसानियत दिखाओ!" भाऊजी इंजिनावर पालथा हात ठेवून उभे. "नहीं खन्ना साहब. इसको ऊपर जाना है. इसको नीचे का काम मत बताइए." सामना कोण जिंकलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. खन्नासाहेब आठवडाभर बोलले नाहीत.

तसे खन्नासाहेब मनाचे चांगले. पण त्यांनी नवी छोटी मोटार घेतली आणि ठेवायला जागा नाही. रोज सकाळी खाली येऊन विमानाकडे बघायचे आणि विचारायचे, "तो मैं गाड़ी कहाँ खड़ी करूँ? आपके पंख पे?" भाऊजी गंभीरपणे म्हणायचे, "गाडीचं वजन किती?"

विमानाच्या पंखांना कापड लागतं हे मला तेव्हा कळलं. मी शिवणकाम कुठे शिकले नाही, जुने ब्लाउज उसवून बघून बघून शिकले, पण हात बरा होता, म्हणून कापडाचं काम माझ्याकडे आलं. हलकं, घट्ट विणीचं टेरिलीन पाहिजे होतं. मी म्हटलं, चला सरोजिनी नगरला. तिथे आमचं सरकारी क्वार्टर होतं, बाजार माझ्या पायाखालचा. परदेशात पाठवायचे कपडे जिथे नापास होऊन येतात ना, त्या गल्लीत नेमकं हवं तसं कापड मिळालं. फक्त त्यावर निळी फुलं होती. मी म्हटलं, भाऊजी, लढाऊ विमान आहे का काय? असू देत फुलं. त्यांनी कापड चिमटीत धरलं, फुंकर मारून बघितली आणि विचारलं, "फुलांच्या रंगाचं वजन किती?" दुकानदार पोरगा माझ्याकडे बघायला लागला. "अंकल ठीक हैं ना, आंटी?"

कापड फासळ्यांवर ताणून बसवलं आणि मी गोधडीला घालतात तसे टाके घालत गेले. मग ते आवळायला गरम इस्त्री फिरवायची असते. वीज नव्हतीच. मग कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला रामसुख त्याची कोळशाची इस्त्री घेऊन आला. आयुष्यभर लोकांचे शर्ट केलेला माणूस. पंखाच्या एका टोकापासून सुरू केलं, आणि कापड ढोलकीसारखं तटतटीत व्हायला लागलं तसा खूश होऊन म्हणाला, "बाउजी, इसका कॉलर किधर है?"

भाऊजी इतके हसले की खाली बसले.

एकदा मी त्यांना विचारलं, हा खटाटोप कशाला? ते इंजिनाचा नट आवळत होते. वर न बघता म्हणाले, "वहिनी, आमचं काम काय, तर इंजिन दुरुस्त केलं की वैमानिकाच्या जागेवर बसायचं आणि जमिनीवर फुल पॉवर देऊन बघायचं. सगळं विमान थरथरतं. शेपूट उचलायला बघतं. आणि चाकाला पुढून लाकडी ठोकळे लावलेले. जन्मभर त्या खुर्चीत बसलो, पण ठोकळे लावून. एकदा ठोकळे काढून बघायचंय. जास्त नको. वीतभर."

एवढंच त्यांचं मागणं. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आणि उडवायला येतं का त्यांना?" ते मी दुसऱ्या दिवशी विचारलं. भाऊजी म्हणाले, "जमिनीवर चालवायला येतं. वर वीतभर जायचंय, तिथे हवा काय अनोळखी असणार?"

दसऱ्याला विमान पूर्ण झालं. हार घातला, नारळ फोडला. पुढच्या रविवारी सकाळी पंख लावून शेताकडेच्या रिकाम्या रस्त्यावर नेलं. भाऊजी बसले, इंजिन कडाडलं, विमान धावायला लागलं आणि धावतच राहिलं. रस्ता संपला. उडालं नाही. परत. पुन्हा धावलं, पुन्हा रस्ता संपला. तीन रविवार हेच. भाऊजींनी लाकडी पंखा काढून पुन्हा तासला, कार्बोरेटर खोललं, फासळ्यांत आणखी भोकं पाडली. खन्नासाहेब म्हणायला लागले, "सालुंके जी, इसको बस बना दो. मैं ऑफ़िस चला जाऊँगा."

चूक सापडली ती चक्कीवर. आमच्याकडे गहू दळायला चक्कीवर न्यायचे, तिथे जमिनीवर ठेवायचा मोठा काटा होता. भाऊजी विमानाचं एक चाक तोलायला घेऊन गेले होते, मी माझा डबा घेऊन उभी. चाक तोललं आणि सहज, गंमत म्हणून, ते स्वतः काट्यावर चढले.

"अट्ठासी," चक्कीवाला लाला म्हणाला.

"काय?"

"अट्ठासी किलो."

"लाला, तुम्हारा काँटा ख़राब है."

"बाउजी, काँटा अभी आपके पहिये को ठीक बता रहा था."

भाऊजी उतरले, पुन्हा चढले. मग बूट काढून चढले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मी चोपन्न किलो आहे."

तुम्हाला सांगते, त्या माणसानं विमानातल्या प्रत्येक खिळ्याचं वजन केलं होतं. सरसाचं केलं होतं. माझ्या टाक्यांच्या दोऱ्याचं केलं होतं. फक्त स्वतःचं केलं नव्हतं, कारण ते त्यांना पाठ होतं. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी लिहिलं ते चोपन्न. पुढे जिथे जिथे विचारलं तिथे तिथे त्यांनी तेच सांगितलं, आणि ते एवढं सवयीचं झालं की त्यांनाही खरं वाटत राहिलं. खेड्यातून आलेल्या एका हडकुळ्या पोराच्या मापाचं विमान ह्या माणसानं बांधलं होतं, आणि बसत होता त्याचा आजोबा शोभेल असा गृहस्थ.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजींचं जेवण बंद. म्हणजे बंद नाही, उकडलेला दुधी, अर्धी भाकरी, ताक. सकाळी धावायला जायचे. रविवारी काट्यावर. पहिल्या रविवारी अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्या रविवारी अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्या रविवारी लाला म्हणाला, "बाउजी, आधा किलो बढ़ गए."

ते कोडं मला कळलं, कारण साळुंखे वहिनींनीच सांगितलं. वहिनी मला दुधीची भाजी द्यायला आल्या होत्या. घास घेतला आणि मी त्यांच्याकडे बघितलं. ती भाजी बोटाला चिकटत होती, इतकं तूप.

"वहिनी, हा दुधी?"

"दुधीच आहे. तुपात शिजवलाय." त्या खुर्चीत बसल्या. "भाकरीच्या पिठातसुद्धा मोहन घालते. ताकात साय. त्यांना जीभ कुठली, समोर येईल ते मान खाली घालून खातात." मग म्हणाल्या, "माझं तूप आहे तोवर ते जमिनीवर आहेत."

त्या पुढे बोलल्या. "मी सगळा संसार हवाई दलाच्या कॅम्पात केला. एखाद्या दिवशी एक जीप यायची वसाहतीत, हळूहळू. ती बघितली की सगळ्या बायका दाराच्या आड उभ्या राहायच्या. कुणाच्या दारात थांबते बघत. मी नव्हते उभी राहत. मी म्हणायचे, आमचे नुसते दुरुस्ती करतात, उडत नाहीत. मी पोळ्या लाटत असायचे." पदरानं तोंड पुसलं. "आणि आता म्हातारपणी मला दाराआड उभं करणार का हे?"

मी भाजी खाल्ली. चव उत्तम होती.

असं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चाललं. भाऊजी धावत होते, वहिनी तूप कढवत होत्या. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं ह्यात मला कधी शंका नव्हती, पण त्या घरात लढाई चालू होती आणि एकालाच ती माहीत होती.

मग खांब आले.

संक्रांतीनंतरची गोष्ट. आम्ही दोघी भाजी घेऊन परत येत होतो, तर त्या रिकाम्या रस्त्यावर एक ट्रक हळूहळू चाललेला, आणि त्यातून माणसं थोड्या थोड्या अंतरावर लोखंडी दिव्याचे खांब उतरवत होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना. पलीकडच्या टोकाला खड्डे खणायलाही लागले होते. मी आपली खूश. म्हटलं, चला, दिवे येणार. वहिनी थांबल्या. डाव्या खांबाकडे बघितलं, उजव्या खांबाकडे बघितलं, आणि दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. भर रस्त्यात, हातात भाजीची पिशवी, हात पसरलेले. मला आधी कळेना. मग कळलं, त्या पंख मापत होत्या.

"मावणार नाही," त्या म्हणाल्या. "हे उभे राहिले की संपलं."

"बरंच झालं की, वहिनी," मी म्हटलं. "तुम्हाला हवं तेच झालं. आता तुपाचीही गरज नाही."

संध्याकाळी माझं दार वाजलं. दारात वहिनी, हातात तुपाचा मोठा डबा.

"हा तुमच्याकडे ठेवा. मागितला तरी देऊ नका. माझा मला भरवसा नाही."

"अहो, पण..."

"खांबामुळे अडकले तर ते आयुष्यभर खांबाकडे बघत बसतील. मला ते बघवणार नाही. उडू दे एकदाचं, नाहीतर पडू दे. वीतभर तर जायचंय म्हणतात."

त्या रात्रीचं त्यांच्याकडचं बोलणं आम्हाला भिंतीतून ऐकू आलं. त्या इमारतींच्या भिंती म्हणजे जाड पुठ्ठाच.

"अगं, आज भाजीला चव नाही."

"दुधीला काय चव असणार?"

"काल तर होती."

"काल वेगळा दुधी होता."

मग गंमतच सुरू झाली. दुसऱ्या रविवारी लाला काट्यावरून ओरडला, "बाउजी, चौरासी!" भाऊजी धावत घरी आले. त्यांना वाटलं, इतक्या दिवसांच्या धावण्याला आता फळ आलं. वहिनी "हो का?" म्हणाल्या आणि पीठ मळत राहिल्या. चौऱ्याऐंशी, ऐंशी, अठ्ठ्याहत्तर. तिकडे खड्ड्यांची रांग रोज पुढे सरकत होती. पहिले खांब उभेही राहिले. रस्ता निम्मा उरला. भाऊजींनी विमानातून बसायची गादी काढली, ब्रेक काढले, खरवडून रंग काढला. फुलं तेवढी राहिली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी, धुकं नव्हतं, थंडी मात्र कडाक्याची, तेव्हा ठरलं. थंडीच पाहिजे, भाऊजी म्हणाले. थंड हवा दह्यासारखी घट्ट असते, पंखाला धरायला मिळते. खन्नासाहेब ड्रेसिंग गाऊनवर स्कूटर घेऊन आले. पलीकडच्या टोकाला जाऊन दूधवाले अडवायचं काम त्यांचं. जाता जाता म्हणाले, "परमिशन वग़ैरह ली है ना?"

"खन्ना साहब, परमिशन उड़ने की लगती है. मैं तो छलाँग मार रहा हूँ."

विमानात बसताना भाऊजींच्या अंगात हाफ पँट आणि बनियन. पायात काही नाही. अंगठी, घड्याळ, किल्ल्या, सगळं आमच्या ह्यांच्या खिशात. वहिनी जाड लोकरी स्वेटर घेऊन उभ्या.

"हा घाला."

"अगं, पाऊण किलोचा आहे तो!"

"न्यूमोनिया किती ग्रॅमचा असतो? घाला."

घातला. मग त्यांनी विचारलं, "मला कसं कळायचं उडालं की नाही ते?"

"चाकाखालून पलीकडचं दिसलं की उडालं."

वहिनींनी हे शब्दशः घेतलं. रस्त्याच्या मध्यावर चालत गेल्या, कडेला जाऊन पदर खोचला आणि गाल डांबराला टेकवून आडव्या झाल्या. चांगली धुतलेली साडी. रामसुख कळवळला, "माताजी, प्रेस की हुई है!" त्यांनी हातानंच गप्प बस म्हणून सांगितलं.

इंजिन कडाडलं. विमान निघालं. निळ्या फुलांचे पंख थरथरत आमच्यासमोरून गेले, शेपूट वर झालं, आणि आम्ही सगळे ओरडलो, "उडालं! उडालं!" रामसुखनं टाळ्या वाजवल्या, खन्नासाहेब तिकडून हॉर्न वाजवायला लागले. खांबांच्या अलीकडे विमान थांबलं. भाऊजी उतरले आणि आमच्यापैकी कुणाकडे बघितलं नाही. वहिनींकडे बघितलं.

वहिनी उठून बसल्या होत्या. गालाला खडी चिकटलेली.

"नाही," त्या म्हणाल्या. "डावं चाक टेकलेलंच होतं."

खन्नासाहेब स्कूटरवरून येऊन पोचले होते. "अरे भाभी जी, बोल दो ना उड़ गया! क्या फ़र्क़ पड़ता है?"

"पड़ता है," वहिनी म्हणाल्या. "इन्होंने मेहनत उड़ने के लिए की है, बोलने के लिए नहीं."

भाऊजींनी नुसती मान हलवली. विमान वळवायला लागले. तेवढ्यात वहिनी तरातरा गेल्या त्यांच्याकडे.

"हात वर करा."

"काय?"

"हात वर करा म्हटलं ना!" आणि लहान पोराचा काढतात तसा त्यांनी तो स्वेटर भाऊजींच्या डोक्यावरून ओढून काढला. मिशा विस्कटल्या. काखेत स्वेटर घेऊन परत आपल्या जागेवर गेल्या आणि पुन्हा गाल टेकवून आडव्या झाल्या.

ह्या वेळी मीही आडवी झाले. का ते विचारू नका, उभं राहवेना. रस्ता बर्फासारखा गार. इंजिनाचा आवाज आधी डांबरातून कानात आला, मग हवेतून. चाकं येताना दिसली. उजवं उचललं, टेकलं, पुन्हा उचललं. डावं अजून घासत होतं. वहिनींनी माझं मनगट धरलं, आणि त्या चिमटीवरूनच मला कळलं, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं थंडीनं. मी डोळे पुसले. दोन्ही चाकांच्या खाली पलीकडचं मोहरीचं शेत दिसत होतं. काठापासून काठापर्यंत सलग पिवळंधमक, मध्ये काही नाही. तेवढं एक क्षण, दोन क्षण, आणि मग धप्प आवाज झाला, विमान एकदा उसळलं आणि धावत जाऊन थांबलं.

कुणीच ओरडलं नाही. आधी फसलो होतो ना. सगळे वहिनींकडे बघत होते. त्या उठल्या, साडी झटकली, आणि चालत विमानाशी गेल्या. भाऊजी आतच बसलेले, दोन्ही हात दांड्यावर.

"किती?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी हात गुडघ्याशी धरला. मग जरा विचार केला आणि चार बोटं खाली घेतला.

"एवढं."

भाऊजींनी त्या हाताकडे बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला. म्हणाले, "वीतभर म्हटलं होतं. जास्तच झालं." आणि मग हा माणूस, थंडीनं काकडत, उघड्यानागड्या पायांनी, असा हसायला लागला की शेतातले बगळे उठले.

पुढच्या आठवड्यात उरलेले खांब उभे राहिले. दिवे लागायला आणखी वर्ष गेलं, ते वेगळं. विमान पुन्हा रस्त्यावर आलं नाही, भाऊजींनी आणायचं म्हटलंही नाही. खन्नासाहेबांना गाडी ठेवायला जागा मिळाली. काही वर्षांनी साळुंखे गावी गेले, तिथेच भाऊजी वारले. झोपेत, शांतपणे, असं वहिनींनी फोनवर सांगितलं.

पण त्या सकाळचं घरी परतणं सांगायचं राहिलंच की. पंख न काढताच विमान ढकलत आणायचं असा भाऊजींचा हट्ट. शेपटीला धरून ते ढकलतायत, अंगात बनियन, चेहरा लाल. एका पंखाला आमचे हे, दुसऱ्याला ड्रेसिंग गाऊनमधले खन्नासाहेब. एव्हाना उजाडून लोक बाहेर पडले होते. सायकली, दूधवाले, शाळेची रिक्षा. सगळ्यांच्या पुढे, दहा पावलांवर वहिनी चालल्या होत्या. गालाला अजून डांबर, खांद्यावर स्वेटर. दुधाच्या कॅन लावलेला एक सायकलवाला मधोमध थांबून तोंड उघडं टाकून बघत होता. वहिनींनी हात वर करून त्याला खडसावलं, "भैया, साइड हो जाओ! दिखता नहीं, जहाज़ आ रहा है?"